ओहोटीची जमीन : सुरतेच्या किनाऱ्यावरील पायी मासेमारी

सुरतेचा इतिहास आपण बहुधा बंदरापासून सांगायला घेतो. जहाजे, वखारी, सराफांच्या पेढ्या, मक्केला निघालेले यात्रेकरू. आणि मराठी घरांत तर १६६४ आणि १६७० या दोन सनांशिवाय ही कथा पुरी होत नाही. या कथेत किनारा येतो तो जहाज लागण्याची जागा म्हणून. किनाऱ्यावरचा माणूस तिच्यात क्वचितच दिसतो. आजच्या व्याख्यानासाठी मी त्या किनाऱ्याची एक पट्टी निवडली आहे. भरतीला ती समुद्र असते, ओहोटीला जमीन. सुवाली, हजिरा, डुमस आणि खाली उभराट-दांडीपर्यंतचे माछी आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या या पट्टीवर पायी जाऊन मासे धरत आले. अशा मासेमाराला गुजरातीत ‘पगडिया’ म्हणतात. पग म्हणजे पाय. होडीवाचून, पायांच्या बळावर दर्यात जाणारा तो पगडिया.

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. या पायी माणसापाशी भरती-ओहोटीचे जे ज्ञान होते, त्याच्या आधाराने या आखातातली बंदरे चालली. उन्हाळा सरताना दर्या बंद करण्याचा जो नेम तो पाळत होता, तोच नेम व्यापाऱ्याला, आरमाराला आणि लष्करालाही पाळावा लागला. आणि ज्या जमिनीवर तो उभा होता, तिच्याकडे जाणारी वाट पुढे राहील की नाही, हा आजचा प्रश्न या जुन्या इतिहासातूनच निघालेला आहे.

प्रथम ही जमीन कसली आहे ते पाहू. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेखाली समुद्राला मिळते. वाटेत ती सगळा खानदेश ओलांडते. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आहेत. त्या शेतांची काळी माती हजारो पावसाळे तापीने खाली आणली आणि खंभातच्या आखाताच्या तोंडाशी पसरली. डुमसच्या वाळूचा काळा रंग हा सह्याद्री-सातपुड्याच्या काळ्या कातळाचा आणि त्यातल्या लोहयुक्त खनिजांचा रंग आहे. लोक त्या वाळूवरून भुताखेतांच्या गोष्टी रचतात. खरे पाहता खानदेशातून पोटासाठी सुरतेला आलेला माणूस डुमसला जातो, तेव्हा तो आपल्याच मुलखाच्या मातीवर उभा असतो. माती फक्त त्याच्या आधी येऊन पोहोचलेली असते.

कोकणातून आलेल्या कुटुंबांना मात्र हा किनारा पहिल्यांदा परका वाटला असणार. मालवण-वेंगुर्ल्याकडे वाळू पांढरी, पाणी स्वच्छ, लाट किनाऱ्याशी येऊन फुटणारी. तिथे माणूस कंबरभर पाण्यात उभा राहून गरी टाकतो. त्या कामाला ‘गरवणे’ असा सुटसुटीत शब्द आहे. तिथेच रापण लागते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, आणि दोन्ही टोके धरून गावाने ते वाळूवर ओढायचे. या दोन्ही रीतींना उतरती वाळू आणि मोजकी भरती लागते. खंभातच्या आखातात तसे नाही. हे आखात आत अरुंद होत गेलेले असल्याने भरतीचे पाणी कोंडते आणि उंच चढते. भावनगरकडे भरती-ओहोटीतले अंतर दहा मीटरांच्या पुढे जाते. हजिऱ्याच्या बाजूलाही उधाणाला ते सहा मीटरांच्या आसपास असते. ओहोटीला समुद्र दूर मागे सरतो आणि मधे चिखल उरतो. येथे लाटेत उभे राहून मासा आपल्याकडे येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. समुद्र मागे गेला की त्याच्या मागून जायचे, आणि तो परतण्याच्या आत माघारी यायचे, अशी येथली मासेमारी आहे.

त्यामुळे येथे सगळा हिशेब वेळेचा. कोकणात जुनी माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढत: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती. मुंबईच्या किनाऱ्याला हा आडाखा बऱ्यापैकी लागू पडतो. आखातात भरती मुंबईहून उशिरा चढते, म्हणून तोच हिशेब जसाच्या तसा सुरतेला आणला तर माणूस फसेल. स्थानिक माछ्याचा हिशेब वेगळा, आणि तो त्याच्याकडूनच शिकावा लागतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तास जातात, त्यामुळे रोजची वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला पाणी लांब मागे जाते, जमीन जास्त उघडते आणि मासळीही जास्त मिळते. भांगाच्या दिवसांत जाळी वाळवायची आणि दुरुस्त करायची. रविवार-सोमवार या धंद्यात येतच नाहीत; सुट्टी असते ती तिथीप्रमाणे.

कामाची रीत दिसायला सोपी आहे. ओहोटीला चिखलात खुंट रोवायचे आणि पाण्याच्या वाटेवर आडवी जाळी बांधायची. भरतीचे पाणी त्यावरून चढून जाते, त्याच्याबरोबर मासे किनाऱ्याकडे खाद्याला येतात, आणि पाणी उतरताना जाळ्यापाशी अडतात. मग पुढची भरती लागण्याआधी टोपली घेऊन जायचे आणि वेचून आणायचे. बोय, कोळंबी, जवळा, खेकडे, वेळेनुसार बोंबील. उथळ पाण्यात पाग फेकणारेही असतात. आणि चिखलाच्या बिळांतून हाताने काढायचा तो लेवटा. ठाणे-रायगडच्या खाड्यांत ज्याला निवटी म्हणतात, तोच हा मासा, पाण्याबाहेरही काही काळ तग धरणारा. मराठी माणूस सुरतेच्या बाजारात ‘लेवटा’ ऐकून क्षणभर थबकतो, आणि टोपलीत पाहिल्यावर ओळखीचा निघतो.

सोपी दिसणारी ही रीत धोक्याची आहे. चिखलात चालणाऱ्याला पाय कुठे रुततो आणि कुठे नाही हे माहीत असावे लागते, आणि भरती सगळीकडून एकाच वेळी येत नाही हेही. पाणी आधी नाळांतून, म्हणजे चिखलातल्या खोल वाटांतून, मागच्या बाजूने शिरते. समोरचा समुद्र दूर दिसत असताना माणूस वेढला जातो. ही नाळ कुठून जाते, मागच्या पावसाळ्यात ती कुठे सरकली, हे कुठल्या नकाशावर नसे. ते रोज जाणाऱ्याच्या पायांना ठाऊक असे.

या ज्ञानाची किंमत किती होती, याचा एक जुना लेखी पुरावा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या सागरी वाटांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. बारिगाझा म्हणजे आपले भरूच. तिथे जाताना जहाजाची कशी दैना होते, हे त्याने तपशिलाने सांगितले आहे: क्षणात तळ दिसू लागतो, आता जिथे पाणी होते तिथे जमीन होते, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला पाणी गर्जत आत घुसते. म्हणूनच, तो सांगतो, राजाच्या चाकरीतले स्थानिक मासेमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जातात आणि परकी जहाजे वाट दाखवत आत आणतात. नर्मदेच्या मुखाची ही हकीकत तापीच्या मुखालाही लागू पडते, कारण आखात एकच आणि गाळही तसाच. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे सोने आणि मद्य येथे उतरत होते, ते मासेमाराने दाखवलेल्या वाटेने.

तो राजा क्षहरात नहपान असावा, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. या नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. त्याने केलेल्या दानधर्मात काही नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य होड्या ठेवल्याचा उल्लेख येतो. त्या नद्यांत पारदा, दमण, दाहाणुका यांच्याबरोबर तापीही आहे. सुरतेहून मुंबईकडे रेल्वेने जाताना आपण आजही पार, दमणगंगा आणि डहाणूची खाडी ओलांडतो. नाशिकच्या कातळावर तापीचे नाव कोरले गेले ते होडीच्या संदर्भात, ही गोष्ट सुरतेच्या मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. दान देणाऱ्याचे नाव लेखात राहिले. वल्हे मारणारे कोण होते, ते पेरिप्लसवरून ताडता येते.

आता सुरतेच्या भरभराटीच्या काळाकडे येऊ, आणि तिथे उन्हाळा सरतानाचा प्रश्न नीट पाहू. युरोपात उन्हाळा सप्टेंबरात संपतो. आपला उन्हाळा संपतो ज्येष्ठात, मृगाच्या तोंडावर. वैशाखाच्या अखेरीस नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो, पाणी गढूळ होते, लाटा मोठ्या होतात. मग चिखलातले खुंट लाटांनी उपटून नेण्याआधी माछी ते स्वतःच काढून आणतो. जाळी धुऊन, वाळवून घरात जातात. नायलॉन येण्यापूर्वी सुती आणि तागाची जाळी टिकावीत म्हणून झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवत. तो उद्योगही याच दिवसांतला. बोंबील, जवळा, कोळंबी उन्हात सुकवून पावसाळ्याची बेगमी होते. शाकाहारी घरांत याच आठवड्यांत पापड-कुरडया वाळत असतात. अंगण वेगळे, पण नजर सगळ्यांची त्याच आभाळाकडे.

या वेळापत्रकातून कोणालाच सुटका नव्हती. सुरतेहून यात्रेकरू आणि माल घेऊन तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे मार्चच्या सुमारास निघत आणि पाऊस ओसरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात परतत. इंग्रज येत तेही त्याच सुमारास. टॉमस बेस्टची जहाजे १६१२ च्या सप्टेंबरात आली. टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुवालीला उतरला. सुवालीचा नांगरवाडा म्हणजे किनारा आणि ओहोटीला उघडी पडणारी वाळूची दांडी यांच्या मधला खोल पाण्याचा पट्टा. याच पाण्यात नोव्हेंबर १६१२ मध्ये बेस्टची पोर्तुगिजांशी लढाई झाली आणि पोर्तुगीज जहाजे वाळूवर चढून अडकली. इंग्रजांचे सुरतेतले बस्तान बसण्यात या लढाईचा मोठा वाटा आहे, असे आपण शाळेत शिकलो. त्या निकालात तोफांइतकाच ओहोटीचाही हात होता.

हे वेळापत्रक इतके पक्के होते की दरोडेखोरांनाही ते पाठ होते. औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज मक्केहून परतताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले, ते १६९५ च्या सप्टेंबरात. पाऊस सरताना यात्रेकरूंची जहाजे सुरतेकडे वळणार, हे त्याला कुणी गुप्तपणे कळवण्याची गरज नव्हती.

मराठ्यांच्या बाजूनेही हेच दिसते. शिवाजी महाराजांच्या सुरतेवरच्या दोन्ही स्वाऱ्या उघड्या हंगामातल्या आहेत. पहिली जानेवारी १६६४ मधली, दुसरी ऑक्टोबर १६७० च्या आरंभीची, म्हणजे पावसाने नुकतीच उघडीप दिल्यावरची. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला सीमोल्लंघन हा जमिनीवरचा नेम आपल्या परिचयाचा आहे. पाण्यावरचा नेम त्याचाच जुळा भाऊ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पावसाळ्यापूर्वी आरमार सुरक्षित जागी छावणीला आणण्याची काळजी त्यात घेतलेली आहे. मोगलांच्या चाकरीतल्या सिद्दीलाही हे चुकले नाही. १६७० च्या दशकात त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयाला येऊन राही आणि इंग्रजांची पंचाईत होई. आसरा द्यावा तर मराठ्यांचा रोष, न द्यावा तर सुरतेच्या मोगल अधिकाऱ्यांचा.

एकमेकांचे वैरी असलेले हे सगळे लोक ज्येष्ठ ते श्रावण एकाच नियमाखाली येत. तो कोणी काढलेला हुकूम नव्हता. दर्या बंद आणि दर्या उघडा, या दोन शब्दांत तो मावत असे. हंगाम पुन्हा उघडण्याचा दिवस मात्र विधीने साजरा होई. आपण त्याला नारळी पौर्णिमा म्हणतो, गुजरातचे खारवे आणि माछी नारियेळी पूनम म्हणतात. श्रावणी पौर्णिमेला बाकीचे लोक राखी बांधतात, जानवे बदलतात. किनाऱ्यावरचा माणूस दर्याला नारळ देतो. मराठी आणि गुजराती या दोन भाषांत या दिवसाचे नाव जवळजवळ एकच असावे, यात नवल नाही. उंबरगाव, नारगोळपासून डहाणू, पालघरपर्यंतचा मांगेला समाज आजही मराठीच्या कुळातली मांगेली बोली बोलतो. राज्याची सीमा १९६० साली आखली गेली. दर्यावर ती रेघ कोणाला दिसली नाही.

बंद दर्याचे दुसरे अंग असे की त्याच काळात मासा नदीकडे येतो. पाला मासा, म्हणजे बंगालचा इलिश, समुद्रात वाढतो आणि पुराच्या गोड्या पाण्यात अंडी घालायला नदी चढतो. नर्मदेच्या मुखाशी भरूचजवळ पावसाळ्यात त्याची मासेमारी प्रसिद्ध आहे. तापीतही तो चढत असे. आपल्याकडे कोकणात पहिल्या पावसाला गोड्या पाण्यातले मासे ओहोळांतून शेतात चढतात, त्याला वलगण म्हणतात. तत्त्व तेच: पाऊस पडला की मासा पाण्याच्या उलट दिशेने निघतो. कोळंबीची पिल्ले याच दिवसांत खाड्यांच्या, तिवरांच्या आडोशाला वाढतात. माछ्याने दर्या बंद ठेवला तो वादळाच्या भीतीने. पण त्याच विश्रांतीत पुढच्या हंगामाची मासळी तयार होत असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी मोडली. तापीवर आधी काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले, आणि पुढे शहरापाशी सिंगणपोरचा बंधारा आला. या कामांनी शेतीला आणि शहराला पाणी दिले. सुरतेत राहणाऱ्या माणसाने त्याचे उपकार नाकारू नयेत. पण पाल्याची नदी चढण्याची वाट बंधाऱ्याशी संपली. खानदेशातून येणारा गाळही धरणात अडू लागला. जी जमीन दर पावसाळ्यात नवी होत होती, तिला मिळणारी माती कमी झाली, आणि समुद्राचे खणणे मात्र थांबलेले नाही.

दुसरा बदल यंत्रांनी आणला. यंत्राच्या होड्या आणि मोठी जाळी आल्यावर पावसाची भीती कमी झाली आणि मासा कुठेही, केव्हाही गाठता येऊ लागला. गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकारांनी याविरुद्ध मोठे आंदोलन केले. त्यातून गोव्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८० मध्ये आणि महाराष्ट्राचा १९८१ मध्ये झाला. गुजरातचा कायदा २००३ सालचा. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. गुजरातेत अलीकडे ही मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवली गेली आहे. म्हणजे नारळी पौर्णिमेचा जुना नेम सरकारने राजपत्रात छापून परत आणला, आणि त्याची तारीखही हळूहळू श्रावणाकडे सरकू लागली. यंत्राविना, पारंपरिक साधनांनी होणाऱ्या मासेमारीला या बंदीतून सूट आहे. पायी माणसाने दर्याचे काही बिघडवले नाही, याची ही एका परीने शासकीय कबुलीच म्हणायची.

बंदीतून त्याला सूट मिळाली, पण त्याच्या पायाखालची जमीन कोणाची हा प्रश्न तसाच राहिला. या प्रश्नाची याच किनाऱ्यावर एक मोठी चाचणी झाली आहे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा दांडी सुरत जिल्ह्यात होती. भरतीचे पाणी खड्ड्यांत साचून उन्हाने आटले की चिखलावर मिठाचा पापुद्रा धरतो. तो पापुद्रा समुद्राने दिलेला की सरकारच्या मालकीचा, एवढाच वाद होता. त्या यात्रेत साबरमती आश्रमाचे संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. संध्याकाळच्या प्रार्थनेतला मराठी सूर त्यांचा. मीठ आणि मासा एकाच जमिनीवर, एकाच उन्हाळ्यात मिळतात. मिठाच्या हक्काची गोष्ट जगाने ऐकली. माशाच्या हक्काची गोष्ट तेवढी गाजली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९९१ च्या किनारा नियमनाच्या अधिसूचनेने भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधली जमीन अत्यंत नाजूक वर्गात टाकली. कागदावर ती सर्वांत जास्त जपायची जमीन आहे. त्याच सुमारास हजिऱ्याच्या टोकाला वायू, खत, पोलाद यांचे मोठे कारखाने आणि पुढे बंदरे उभी राहिली. सुरतेच्या अनेक मराठी घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटते, हेही खरे आहे. हजिऱ्याच्या मच्छीमारांनी बंदराच्या कामामुळे आपली ओहोटीच्या जमिनीची वाट बंद झाली, अशी तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे नेली, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यावर निर्णय झाला. त्या खटल्याच्या तपशिलात आज जात नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याची जमीन गेली तर सातबारा दाखवता येतो, होडीवाल्यापाशी होडीची नोंद असते. पगडियापाशी दाखवायला काय आहे? त्याची जमीन दिवसातून दोनदा बुडते. ती त्याच्या नावावर कधी नव्हती, आणि नाव लावण्याची गरज कोणाला कधी वाटली नव्हती. तो रोज जात होता, हाच त्याचा दस्तऐवज.

अशी जमीन गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण जपानमध्ये पाहायला मिळते. क्यूशू बेटावरच्या आरिआके समुद्राचा चिखल थेट आपल्या आखातासारखा आहे. तिथेही भरती-ओहोटीतले अंतर सहा मीटरांच्या आसपास जाते, तिथेही लेवट्याच्या जातभाईंना पकडणारे मासेमार आहेत, आणि ते चिखलावरून लाकडी फळीवर एक गुडघा टेकून घसरत जातात. या समुद्राचा इसाहाया नावाचा एक कोपरा शेतजमिनीसाठी आणि पुरापासून संरक्षणासाठी बांध घालून बंद करण्यात आला. १४ एप्रिल १९९७ रोजी २९३ पोलादी फळ्या एकामागून एक पाण्यात पडताना साऱ्या जपानने दूरदर्शनवर पाहिले. त्यानंतर मासेमारांचे आणि शेतकऱ्यांचे खटले वीस वर्षांहून अधिक काळ चालले. एका न्यायालयाने दरवाजे उघडा म्हटले, तर दुसऱ्याने उघडू नका. आपल्या आखातावरही धरण बांधण्याची कल्पसर योजना अनेक वर्षे चर्चेत आहे, आणि नर्मदेच्या मुखाशी भाडभूतचा बंधारा हाती घेतला आहे. गोड्या पाण्याची गरज खरी आहे. निर्णय घेणाऱ्यांसमोर मात्र दोन्ही पारडी भरलेली असावीत. आज एका पारड्यात आकडे आहेत, दुसऱ्यात पायांना ठाऊक असलेले पण कुठे न लिहिलेले ज्ञान. ज्याचे वजनच केलेले नाही, ते पारडे हलके दिसणारच.

इथे आपले काम सुरू होते. साहित्य मंडळाने समुद्राविषयी न्यायनिवाडा करावा असे मी म्हणत नाही. आपले काम शब्दांचे आहे, आणि हे ज्ञान शब्दांतच साठलेले आहे. उधाण, भांग, सुकती, नाळ, गरी, पाग. लेवटा आणि निवटी. दर्या बंद आणि दर्या उघडा. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे एका निरीक्षणाची नोंद आहे. सुरत-भरूचचा गॅझेटियर १८७७ साली निघाला, तेव्हा साहेबांनी येथल्या जाती आणि धंदे विचारून विचारून लिहून घेतले. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे झाली. या काळात आपण याच शहरात राहिलो, याच बाजारातली मासळी घेतली, आणि दोन भाषा घरात बोलल्या. माछी जे गुजरातीत सांगेल ते मराठीत नेमके उतरवू शकणारी, आणि मांगेली बोलीतला शब्द कानाला ओळखीचा वाटणारी माणसे आपल्याइतकी दुसरीकडे सापडणार नाहीत.

म्हणून माझी मंडळाला एक साधी सूचना आहे. येत्या उन्हाळ्याच्या अखेरीस, खुंट काढून जाळी घरात येतात आणि माछ्याला बोलायला सवड असते त्या दिवसांत, आपल्या तरुण सभासदांच्या दोन-तीन तुकड्यांनी डुमस, सुवाली आणि उंबरगावला जावे. तिथल्या वयस्क स्त्री-पुरुषांना मासळीची नावे, वाऱ्याची नावे, चिखलाच्या जातींची नावे आणि भरतीचा हिशेब विचारून तो देवनागरीत उतरवावा. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि छापील प्रत त्याच्या हाती द्यावी. आपल्या घरांतल्या आजींकडूनही सुरतेत आल्यावर कोणत्या मासळीला कोणते नाव शिकावे लागले, ते लिहून घ्यावे. नारळी पौर्णिमेपर्यंत शंभर शब्द जरी जमले, तरी पुढच्या वर्षीच्या या पुस्तिकेची सोळा पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.